रकान्यातलं अंडं

माझ्या पित्ताशयात खडे आहेत ही बातमी आमच्या गल्लीत माझ्या आधी पोचली. बरगडीखाली कळ आली म्हणून सोनोग्राफी करून मी आणि सूनबाई रूपाली रिक्षात बसलो. रूपालीनं माझ्या मुलाला, धम्मपालला, कंपनीत फोन करून सगळं बयाजवार सांगितलं आणि रिक्षावाला निघाला आमच्याच बजाजनगरचा, मागच्या गल्लीतला. वाटेत तो पंपावर थांबला तेवढ्यात त्यानं बायकोला फोन लावला असणार. कारण मी घरापुढं उतरले तर शेजारच्या द्वारकाबाई पानफुटीची कुंडी कडेवर घेऊन उभ्याच होत्या.

"किती निघाले?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"बस? माझ्या भावाला सात होते."

माझंच काही कमी पडलं असं मला वाटलं. द्वारकाबाईंच्या भावाला झाले होते ते मुतखडे आणि माझे पित्ताचे. हा फरक मी त्यांना पुढं कितीतरी दिवस समजावून सांगितला आणि तो त्यांना अजून मंजूर नाही. खडा म्हणजे खडा, असं त्यांचं मत आहे. पानफुटीची दोन पानं रोज अनशापोटी खायची, हुलग्याचं पाणी प्यायचं, आणि बाकी पोटाला आराम द्यायचा.

त्यांच्या मागून मुक्ताबाई आल्या. मुक्ताबाई अंगानं दणकट. आठवड्यातले चार वार त्या उपवास धरतात आणि उरलेल्या तीन वारी गुडघे धरतात. त्यांनी लिंबू आणि गोडेतेलाचा उपाय सांगितला, पोटाला आराम द्यायचा हेही सांगितलं. समोरच्या यमुनाबाई कुलकर्णी हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी फाटक न उघडताच सांगितलं, "भामाबाई, डाळ बंद करा, अंडं तर बंदच करा. नुसता मऊ भात आणि ताक. तेही एकवेळ."

गल्लीतल्या एवढ्या बायकांचं कधी कोणत्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी झालं. भामाबाईनं खाणं कमी करावं.

पंचाईत अशी की डॉक्टरीणबाईंनी नेमकं उलटं सांगितलं होतं. माझ्या नातीच्या वयाची पोरगी, केसांना साधा रबर लावलेला. तिनं आधी विचारलं, "आजी, जेवता किती वाजता?"

"घरातले जेवले की."

"मी वेळ विचारली."

"तीच वेळ."

तिनं पेन खाली ठेवलं. काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगा म्हणाली. मी आठवून सांगितलं. सकाळी चहा आणि टोस्ट. मग चहा. दुपारी अर्धी भाकरी, ठेचा. मग चहा. रात्री भूक नव्हती, म्हणून चहा.

"यात प्रथिनं कुठं आहेत?"

मी म्हणाले, "चहात दूध असतंय की."

मग तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. पित्ताशय ही एक लहानशी पिशवी. माणूस जेवला की ती आकसते, पित्त बाहेर पडतं. बाई जेवलीच नाही की पिशवी तशीच भरून राहते, पित्त घट्ट होतं आणि त्यात खडे धरायला सोपं जातं. एकाएकी वजन उतरलं तरी तेच. तुमच्या वयाच्या बायका याच कामासाठी रोज येतात, म्हणाली, आणि सगळ्या चहावर जगतात. तळलेलं सोडा, पण डाळ, उसळ, अंडं, दही सोडू नका. दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आणि जेवणात मोठा खंड पडायला नको.

"अन् मग खडे जातील?"

"नाही. झालेले खडे खाण्यानं जात नाहीत. खरं तर ऑपरेशन करून टाकू."

मी नाही म्हणाले. अडुसष्ट वर्षांत माझ्या अंगाला कुणी सुरी लावली नव्हती. आणि खरं सांगायचं तर सुरीपेक्षा मला खाटेवर पडून राहायची धास्ती जास्त. मी पडून राहायचं आणि घरातल्यांनी उशाशी ताट आणून द्यायचं, हे चित्रच मला कधी काढता आलं नाही.

डॉक्टरीणबाई बऱ्या मनाच्या. त्यांनी सहा आठवडे दिले. रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा. वजन उतरता कामा नये आणि कळ परत येता कामा नये. दोन्ही पाळलं तर थांबू. यातलं एक जरी चुकलं तरी ऑपरेशन. मी कबूल केलं.

"लिहून ठेवा" हे शब्द तिनं माझ्यापुढं उच्चारायला नको होते.

मी बिडकीनच्या अंगणवाडीत चोवीस वर्षं मदतनीस होते. मदतनीस म्हणजे पोरं गोळा करणारी, पाणी भरणारी, खिचडी शिजवणारी, भांडी घासणारी. रजिस्टर लिहायचं काम सेविकाबाईंचं. निळ्या पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर, लोखंडी पेटीत ठेवलेलं, आणि पेटीची किल्ली बाईंच्या मंगळसूत्रात. पहिली बारा वर्षं मला ते वाचता येत नव्हतं म्हणून त्यातलं काही कळत नव्हतं. मग त्याच पत्र्याच्या खोलीत दुपारी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. पोरं घरी गेली की त्यांच्याच तक्त्यांवर आम्ही बायका शिकायचो. अ अननसाचा. अननस मी आजवर खाल्लेला नाही, पण त्याच्याइतकी ओळख मला नात्यातल्या काही माणसांची नाही. वाचता यायला लागलं तसं मी भांडी घासता घासता बाईंच्या खांद्यावरून रजिस्टर बघायची. नाव, वय, वजन, आहार, शेरा. काय सुंदर दिसायचं ते. मटकीच्या वाफेचा वास, भिंतीला टेकून पेंगणारी पोरं, दारात लिंबाची सावली, आणि बाईंच्या पेनाची कुरकुर. वाचायला लागल्यावरसुद्धा मी कधी त्यात एक टिंब काढलं नाही. ते माझं काम नव्हतं.

आणि आता एका शिकलेल्या डॉक्टरनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की आजी, लिहून ठेवा.

रूपालीनं एक छोटी वही आणून दिली. मी ती परत पाठवली आणि लांब रजिस्टर मागवलं. लाल पेनानं रकाने आखले. तारीख, नाव, सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रथिनं, वजन, शेरा. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि जरा लांब धरून पाहिलं. खाली एकोणतीस ओळी रिकाम्या. एका नावाचं रजिस्टर म्हणजे बंद पडायला आलेली अंगणवाडी.

म्हणून मी पोरं गोळा करायला निघाले. म्हणजे बायका.

साठीपुढच्या आठ जणी सापडल्या. मी नववी. प्रत्येकीला मी दारात उभं राहून विचारलं, काल काय खाल्लं. द्वारकाबाई म्हणाल्या चहा. मुक्ताबाई म्हणाल्या उपवास, म्हणजे चहा. यमुनाबाई म्हणाल्या, "ह्यांचं पथ्य असतं, त्यांच्यापुरतं करते. मी आपली चहाबरोबर काहीतरी." डॉक्टरीणबाईंनी बजाजनगरात येऊन पाहणी केली होती की काय असं मला वाटलं. नऊ घरं, घरात मिक्सर, फ्रिज, कुणाची गाडीसुद्धा, आणि नऊ बायका चहावर.

ठरलं असं की रोज पाच वाजता आमच्या पोर्चमध्ये यायचं. प्रत्येकीनं मूठभर भिजवलेलं कडधान्य सकाळीच आणून द्यायचं, मी सगळं एकत्र शिजवणार. एक वाटी उसळ, एक उकडलेलं अंडं, आणि खाऊन झाल्याशिवाय उठायचं नाही. नऊ मुठी एकत्र पडल्या की मटकीत हरभरा, हरभऱ्यात चवळी, चवळीत कुणाची तरी कानातली फिरकी असं सगळं यायचं. फिरकी मुक्ताबाईंची होती. तेल नावाला, वरून येसर. लग्नातल्या आमटीला लावतात ते भाजल्या धान्याचं मसालेदार पीठ, ते मी स्वतः करते.

रोज नऊ अंडी न्यायला लागल्यावर कोपऱ्यावरच्या अंडेवाल्यानं एक दिवस विचारलं, "क्या अम्मा, घर में पहलवान रखे क्या?"

"व्हय. नऊ हायेत."

यमुनाबाईंना अंडं चालत नाही. चातुर्मास होता म्हणून कांदा-लसूणही नाही. त्या पहिल्या दिवशी घरून आपली झाकण लावलेली वाटी घेऊन आल्या, त्यात मुगाची डाळ. जरा अंतर ठेवून बसल्या. माझ्या वयाच्या बाईला ते अंतर किती हाताचं असतं ते ठाऊक असतं, मोजायला टेप लागत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वाटीचं झाकण उघडलंच नाही. म्हणाल्या, "तुमच्या उसळीचा वास घरात येतो हो. चवीपुरती द्या." चवीपुरत्या दोन वाट्या झाल्या.

"यात काय घालता एवढं?"

"येसर. जिरं. लसूण."

यमुनाबाईंचा घास हातातच थांबला. मग तो तोंडात गेला. "ह्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रिकामी वाटी आणायला लागल्या.

वजनाचा प्रश्न होता. रूपालीकडं काचेचा काटा आहे, पण त्यावर मुक्ताबाई चढल्या तेव्हा तो इंग्रजीत काहीतरी लिहून बंद पडला. माझा विश्वास लोखंडी काट्यावर. म्हणून दर सोमवारी आम्ही नऊ जणी रांगेनं सोमनाथच्या पिठाच्या गिरणीत जायचो. तिथं धान्य मोजायचा मोठा काटा आहे. सोमनाथ पिठानं पांढरा झालेला उभा.

"दळण कुठंय, मावशे?"

"आमीच."

त्यानं काटा रिकामा करून दिला. द्वारकाबाई चढल्या की तो ओरडून आकडा सांगायचा, गिरणीच्या आवाजात ओरडावंच लागतं. त्यामुळं मुक्ताबाईंचं वजन पलीकडच्या दवाखान्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालं. एकदा त्यानं सवयीनं त्यांच्या आकड्यातून डबा वजा केला. मुक्ताबाईंनी तो आकडा लिहून घ्यायचा हट्ट धरला. मी धरू दिला नाही. रजिस्टर म्हणजे रजिस्टर.

आता यात कुणाचं काय बिघडत होतं? पण यमुनाबाईंचे यजमान श्रीनिवासराव आमच्या रो-हाउसांच्या सोसायटीचे सचिव. कुठल्याशा ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरातली बाई रोज पाचला नाहीशी होते आणि पाचचा चहा साडेपाचला मिळतो, हे त्यांना सहन होईना. पण तसं लिहिता येत नाही. म्हणून एके सकाळी आमच्या फाटकावर नोटीस लागली. पोर्चमध्ये विनापरवाना सामुदायिक आहारवाटप चालू असल्याचे निदर्शनास आले आहे, सबब सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

माझ्या आयुष्यात माझ्या नावानं आलेली ती पहिली नोटीस. धम्मपाल चिडला. मी मात्र ती चार वेळा वाचली. 'श्रीमती भामाबाई मोतीराम' असं छापील अक्षरात होतं. मोतीराम असते तर त्यांनी ती फ्रेम करून लावली असती. त्यांना कागदाची फार हौस होती, रेशनकार्डसुद्धा ते दोन्ही हातांनी धरायचे.

मी खुलासा लिहिला आणि श्रीनिवासरावांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"विषय कुठे आहे? संदर्भ कुठे आहे? भामाबाई, असा खुलासा मी स्वीकारूच शकत नाही."

मग त्यांनी माझ्या बाजूनं, स्वतःविरुद्ध, दोन पानी खुलासा स्वतः लिहून दिला. लिहिता लिहिता त्यांना इतका रंग चढला की शेवटी त्यांनी एक अर्जही जोडला. सदर उपक्रमास अंगणवाडीच्या धर्तीवर मान्यता मिळावी. आणि अंगणवाड्यांचा कारभार बघणाऱ्या ऑफिसला तो माझ्याबरोबर स्वतः घेऊन आले.

ऑफिसातला क्लार्क तरुण होता, सभ्य होता. त्यानं संगणकासमोर बसून विचारलं, "लाभार्थी कोणत्या गटातले? शून्य ते सहा वर्षांची बालकं, किशोरी मुली, गरोदर माता, की स्तनदा माता?"

मी म्हणाले, "बाबा, आमी चारही होऊन गेलो."

तरीही त्यानं माझं जन्मसाल टाकून पाहिलं. पडदा लाल झाला. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. "आजी, तुमच्यासाठी रकानाच नाही," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण अर्ज आवक झाला होता, त्यावर शिक्का पडला होता. शिक्का पडला म्हणजे कुणीतरी येऊन पाहून जाणं भाग होतं. पर्यवेक्षिका मॅडम पौर्णिमेला येतील असं कळलं.

पर्यवेक्षिका येणार म्हटल्यावर माझं वय एकदम तीस वर्षांनी कमी झालं. बिडकीनला मॅडम यायच्या म्हणजे आदल्या दिवसापासून सारवण, पोरांची नखं, पिण्याच्या पाण्यावर झाकण. त्या दिवशी मी तसंच सगळं केलं. पोर्च धुतला. सतरंजी झटकली. द्वारकाबाईंची नखं तपासली. पौर्णिमेचा माझा उपवास असतो, तो विहारातल्या भन्तेजींनी आधीच सोडवला होता. आजारी माणसाला सूट आहे म्हणाले, डॉक्टर सांगतील तसं खा. त्यामुळं उपाशी राहायला काही कारणच नव्हतं. पण सकाळचा चहा झाला, मग पातेली घासण्यात अकरा वाजले, उसळ चढवण्यात दोन, आणि रूपालीनं झाकून ठेवलेलं ताट झाकलेलंच राहिलं.

मॅडम स्कूटीवर आल्या. वयानं लहान, पण चाल तीच. हात धुतलेत का पाहिलं, पाण्याचं झाकण उचलून पाहिलं. उसळीची चव घेतली आणि अजून एकदा घेतली. मी त्यांच्यापुढं वाटी आणि अंडं ठेवलं. अंडी नऊच होती, यमुनाबाईंच्या वाट्याचं द्वारकाबाईंची पाहुणी बहीण खात होती, म्हणून मॅडमना दिलं ते माझं. मग त्यांनी रजिस्टर मागितलं. पानं उलटली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"माझ्या एका केंद्रात इतकं नीट रजिस्टर नाही, आजी. एकही रकाना रिकामा नाही."

योजनेतून काही मिळणार नाही हे त्यांनी सांगितलं, पण आक्षेप घेण्यासारखंही काही नाही म्हणाल्या. आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी आपल्या पेनानं लिहिलं: नोंदी समाधानकारक. खाली सही, तारीख. बिडकीनला असा शेरा मिळाला की सेविकाबाई बुंदी वाटायच्या आणि मी बुंदीचं पातेलं घासायची. आता शेरा माझा होता. श्रीनिवासरावांनी तिथल्या तिथं नोटीस मागे घेत असल्याचं पत्र जावक क्रमांक घालून दिलं.

ऑफिसचं माणूस घरी आलं की त्याला भजी करावी लागतात. ती मुक्ताबाईंनी केली होती, न सांगता, परातभर. मॅडमनी दोन खाल्ली. सगळ्या घरी गेल्या तेव्हा साडेसहा वाजले होते. पातेल्यात उसळ नव्हती, अंडं नव्हतं, परातीत सात कांदाभजी थंड होऊन पडली होती. टाकून कशी देणार? मी उभ्या उभ्या, शेरा पुन्हा वाचत, सातही खाल्ली.

आठ वाजायच्या आत कळ आली. बरगडीखालून निघून पाठीत गेली आणि तिथंच बसली. श्रीनिवासरावांनी गाडी काढली. पुढं ते आणि यमुनाबाई, मागं मी, रूपाली आणि द्वारकाबाई. द्वारकाबाईंच्या मांडीवर रजिस्टर. ते घेतल्याशिवाय मी गाडीत बसेना.

औषधानं कळ थांबली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर वाचायला घेतलं. अडतीस दिवसांचं. मी खाटेवर पडून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. मला वाटलं त्याही काहीतरी शेरा देतील.

"छान आहे. मुक्ताबाईंचं वजन हळूहळू उतरलं, द्वारकाबाईंचं दीड किलोनं वाढलं. आणि तुमची प्रथिनं रोज बावन्न ग्रॅम. एक दिवस चुकला नाही. वजनही दर सोमवारी बरोबर चोपन्न." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मग आत्ता आमच्या काट्यावर साडेएकोणपन्नास कसं भरलं?"

गिरणीत सगळ्यांना काट्यावर चढवायचं, उतरवायचं, आकडा ऐकून लिहायचा. त्यात माझं चढायचं राहूनच जायचं. मग मागच्या सोमवारचा आकडा पुढं ओढायचा. बिडकीनला सेविकाबाईही तसंच करायच्या, गैरहजर पोराच्या बाबतीत.

"डाक्टर," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "ती रकान्यात खाती. ताटात नाय."

"म्हणजे?"

"रोज कुणी ना कुणी जास्तीचं येतंय. कुणाची बहीण, कुणाची विहीण. ही आपलं अंडं उचलून तिला देती. आमी उठलो की पातेलं पुसून भाकरी खाती. म्या इचारलं, तर म्हणली, माझं झालंय, लिवलंय म्या."

रूपाली माझ्याकडं बघत होती. "आई, मी रोज विचारायचे जेवलात का. तुम्ही म्हणायच्या, रजिस्टरमध्ये बघ. मी बघायचे. मला वाटायचं, चला, निदान आता तरी."

मला मोठा अपमान वाटला. मी काही चोरलं नव्हतं. आठ जणींच्या नोंदीत एक दाणा इकडचा तिकडं नव्हता. फक्त एका ओळीत मी जे व्हायला पाहिजे होतं ते लिहिलं होतं, आणि लिहिल्यावर मला खरंच पोट भरल्यासारखं वाटायचं. हे मी डॉक्टरीणबाईंना कसं सांगू?

मग पडल्या पडल्या मला माझी माय आठवली. आमच्या लहानपणी घरावर दोऱ्या बांधून मांसाच्या चान्या, म्हणजे लांब कापलेल्या पट्ट्या, वाळत घातलेल्या असायच्या. पावसाळ्यात त्या भाजून, कुटून कालवण व्हायचं. नाहीतर हुलग्याचं माडगं. आधी बाप, मग भाऊ, मग आम्ही पोरी. माय सगळ्यात शेवटी बसायची, ताट घेऊन नाही, भगुणं घेऊन. भाकरीचा तुकडा भगुण्याच्या कडेनं गोल फिरवायची, अगदी सावकाश, आणि तो चमकायला लागला की खायची. मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, सगळ्यात चविष्ट भाग मायनं स्वतःला राखून ठेवलाय. मायलाही बरगडीखाली कळ यायची. गावात म्हणायचे, वायगोळा आहे. पोटावर विटेचा शेक द्यायचे आणि दोन दिवस जेवू नको म्हणायचे. अशाच एका वायगोळ्यात ती गेली. तिची कुठं नोंद नाही. तिला काय झालं होतं ते मला अडुसष्टाव्या वर्षी, भजी खाऊन, कळलं. तसं खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, पण मला कळलं.

"द्वारकाबाई खरं सांगतात," मी म्हणाले. "अंडं म्या पाच-सहा वेळा खाल्लं असंन. जास्ती नाय."

"मग आता थांबायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी मान हलवली. करार माझ्याकडून मोडला होता.

ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. चार बारीक भोकं पाडली, पिशवी खड्यांसकट काढली. खडे बाटलीत घालून दाखवले. द्वारकाबाईंनी बाटली उजेडात धरून मोजले आणि तीनच आहेत याची पुन्हा खात्री करून घेतली. घरी पोर्चमध्ये पाचची वाटी बंद पडली नाही. उसळ यमुनाबाई शिजवतात, लसूण घालून, आणि श्रीनिवासराव सगळ्यांची हजेरी मांडतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी दवाखान्यात माझ्या खाटेला पायाशी एक कागद लटकवलेला दिसला. वरती माझं नाव, खाली वेळा, आणि पुढं रकाने. तो नर्सच्या हातातला होता, माझ्या नाही. नर्स पन्नाशीची, पैठणकडची, बोलायला मोकळी. तिनं ताट आणून ठेवलं. मऊ खिचडी, दही आणि एक उकडलेलं अंडं. ती शेजारच्या खोलीत गेली.

माझ्या बाजूच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिच्या उशाशी तिची लेक कालपासून उपाशी बसलेली. मला ते दिसत होतं. खोलीत एकूण किती जण उपाशी आहेत हे मला न मोजता कळतं, चोवीस वर्षांची नजर आहे. मी अंड्याचे दोन भाग केले. एक खाल्ला. दुसरा चमच्यावर घेऊन लेकीकडं बघितलं.

तेवढ्यात नर्स परत आली. कागद उचलला, पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"आजी, अंडं खाल्लं?"

खाल्लं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तिनं ते लिहिलंही असतं. कुणी तपासलं नसतं, रकाना भरला असता, आणि कागद फार नीट दिसला असता.

"अर्धं," मी म्हणाले.

"मग मी अर्धंच लिहिते," ती म्हणाली, आणि तिनं लिहिलं. मग माझ्या हातातल्या चमच्याकडं पाहिलं, आणि तो कुठं निघालाय तेही. तिनं दारातून आवाज दिला, "ओ मावशी, इकडं अजून एक ताट आणा, पेशंटच्या माणसाला." आणि कागद तसाच हातात धरून, खाटेच्या कडेला टेकून उभी राहिली.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "मला घाई नाय."

चोवीस वर्षं मी असंच पोरांपुढं उभी राहायची. कुणीतरी आपल्यापुढं असं उभं राहिलं की कसं वाटतं, हे मला कधी कळलं नव्हतं. जरा लाज वाटते. घास मोठा होतो. पण गिळता येतो.

मी ते उरलेलं अर्धं अंडं खाल्लं. तिनं अर्धंवर काट मारली आणि पुढं लिहिलं: पूर्ण.